काचेवरचा वेग : आइल ऑफ मॅनच्या मोटारसायकल शर्यती आणि त्यांची जुनी छायाचित्रे

मोटारसायकल शर्यतींची जुनी छायाचित्रे संग्राहक सहसा वेगाची स्मृती म्हणून जपतात. परंतु ज्या काळात ती घेतली गेली त्या काळातील कॅमेऱ्याला सर्वांत कमी साधणारी गोष्ट कोणती असेल, तर ती वेग टिपण्याचीच होती. उभी असलेली गाडी, तिच्याशेजारचा चालक, त्याचे कपडे, हत्यारांची पिशवी, पायाखालचा रस्ता आणि मागे जमलेली माणसे हे सारे तो कॅमेरा विलक्षण स्पष्टपणे टिपत असे, आणि म्हणून या छायाचित्रांचे ऐतिहासिक मोल शर्यतीच्या क्षणापेक्षा तिच्या भोवतालच्या गोष्टींत अधिक आहे. हे विधान पारखून पाहण्यासाठी इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात वसलेल्या आइल ऑफ मॅन या बेटावरील ‘टुरिस्ट ट्रॉफी’, म्हणजेच ‘टीटी’, या शर्यतीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण १९०७ ते १९३९ या काळात, पहिल्या महायुद्धाने पाडलेला खंड वगळता, ही शर्यत दरवर्षी भरली, १९११ पासून ती जवळजवळ एकाच रस्त्यावर धावली, आणि तिच्यात उतरणाऱ्या कारखान्यांना जाहिरातीसाठी चित्रे हवी असल्यामुळे छायाचित्रांचा साठाही बऱ्यापैकी सलग राहिला.

ही शर्यत एका लहानशा बेटावर का गेली याचे कारण कायद्यात सापडते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची, कमाल मर्यादा घातली होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास तेथील संसद तयार नव्हती. आइल ऑफ मॅन ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले तरी त्याचे स्वतःचे विधिमंडळ आहे. त्याला ‘टिनवाल्ड’ म्हणतात, आणि या विधिमंडळाने १९०४ साली कायदा करून मोटारींच्या चाचण्यांसाठी रस्ते बंद करण्याची मुभा दिली. मोटारगाड्यांच्या मागोमाग मोटारसायकली आल्या. ज्या टेकडीवर टिनवाल्डची वार्षिक सभा उघड्यावर भरते, तिच्या शेजारच्या सेंट जॉन्स गावातून २८ मे १९०७ रोजी पहिली टीटी सुटली, सुमारे १५.८ मैलांचा फेरा दहा वेळा पुरा करायचा होता, पंचवीस चालक रांगेत होते, आणि त्यांना जोडीजोडीने एकेका मिनिटाच्या अंतराने सोडण्यात आले. या अंतराने सोडण्याच्या पद्धतीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण छायाचित्रांचा चुकीचा अर्थ लावण्यास ती जितकी कारणीभूत ठरली तितके दुसरे काहीच ठरले नाही.

‘टुरिस्ट’ हा शब्द त्या वेळी अक्षरशः घेतला गेला होता. शर्यतीत धावणारी गाडी ही सामान्य गिऱ्हाइकाने प्रवासासाठी वापरावी तशीच असली पाहिजे, असा आयोजकांचा आग्रह होता. म्हणून खोगीर, मडगार्ड आणि सायलेन्सर सक्तीचे होते, आणि इंधनाचे मोजमापही बांधून दिले होते. एक सिलिंडरच्या गाडीने एका गॅलनमध्ये ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल जावे, अशी ती अट होती. आजच्या हिशेबाने ती अनुक्रमे लिटरमागे सुमारे ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर भरते. दुचाकी घेताना वेगाआधी ‘ॲव्हरेज’ विचारणाऱ्या महाराष्ट्रातील ग्राहकाला हा नियम परका वाटू नये. १९०७ च्या आसपासच्या छायाचित्रांतील गाड्या शर्यतीच्या न वाटता सायकलीला इंजिन जोडल्यासारख्या दिसतात, त्यामागे हीच नियमावली आहे. त्यांचे ते रूप मागासलेपणाचे चिन्ह नव्हे, तर नियमपालनाचे आहे. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर याने मॅचलेस गाडीवर ४ तास ८ मिनिटे ८ सेकंदांत, ताशी ३८.२१ मैलांच्या सरासरीने विजय मिळवला. त्याच्या गाडीला पॅडल होते आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या जॅक मार्शलच्या ट्रायम्फला नव्हते. चढावर पाय मारून इंजिनाला हातभार लावणे हा न्याय्य उपाय आहे काय, यावर वाद झाला आणि १९०८ साली पॅडलवर बंदी आली. त्या वर्षी मार्शलच जिंकला. त्यामुळे बेटावरील शर्यतीच्या एखाद्या कालनिर्देश नसलेल्या छायाचित्रात गाडीला पॅडल दिसले, तर अभ्यासकाचे अर्धे काम तेथेच होते.

दोन सिलिंडरच्या गटातील १९०७ चा विजेता रेम फाउलर हा नॉर्टनवर होता, परंतु त्या नॉर्टनचे इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कारखान्याचे होते. त्याने वाटेत अनेकदा थांबून पट्टा बसवला, स्पार्क प्लग बदलले, टायर फुटून तो वेगात पडला, आणि तरीही त्याची सरासरी ताशी ३६.२१ मैलांची पडली. त्या काळात इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत बहुधा चामड्याच्या किंवा रबर-कापडाच्या पट्ट्याने नेली जाई. हा पट्टा पावसात घसरे, ताण पडला की तुटे, आणि म्हणून चालक जादा पट्टा कमरेला आणि जादा ट्यूब खांद्यावरून छातीवर तिरकी बांधून निघत. उभ्या छायाचित्रांत हे सारे स्पष्ट दिसते. डांबर न घातलेल्या रस्त्यावरची बारीक खडी, घोड्यांच्या नालांचे खिळे आणि धूळ यांच्याशी झुंजत शर्यत पुरी करायची, तर चालक हा प्रथम मिस्त्री असावा लागे; धूळ बसावी म्हणून सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावर आम्लयुक्त द्रावण शिंपडले गेले आणि त्याने चालकांच्या कपड्यांना भोके पडली, असे सांगितले जाते. निकालपत्रकात यातले काहीच येत नाही. तेथे फक्त वेळ येते, आणि त्या वेळेतला किती भाग गाडीवर आणि किती भाग गुडघ्यांवर बसून गेला हे समजायचे, तर कमरेचा तो पट्टा पाहावा लागतो.

आता कॅमेऱ्याकडे वळणे आवश्यक आहे. त्या काळातील वृत्तछायाचित्रकार काचेच्या प्लेटा वापरत. काचेवर चांदीच्या क्षारांचा जिलेटिनमधील लेप देऊन त्या तयार केलेल्या असत, त्या जड असत, एकेक करून कॅमेऱ्यात बसवाव्या लागत, आणि त्यामुळे प्रत्येक चित्र हा एक खर्चिक निर्णय असे. वेगवान वस्तूंसाठी ‘फोकल-प्लेन शटर’ वापरले जाई. यात प्लेटीच्या अगदी पुढून काळ्या कापडाचा एक पडदा सरकतो आणि त्या पडद्यातील अरुंद फटीतून प्लेटीच्या एकेका पट्टीवर क्रमाने प्रकाश पडतो. प्रत्येक पट्टीला मिळणारा प्रकाश सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता असला, तरी संपूर्ण प्लेट ओलांडायला पडद्याला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडत असल्याने वरून खाली सरकणारी फट दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा भाग नंतर टिपते. तेवढ्या अवधीत गाडी पुढे गेलेली असते, म्हणून चाकाचा जमिनीकडील भाग मागे आणि वरचा भाग पुढे अशी प्रतिमा उमटते आणि गोल चाक पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे दिसते. फ्रेंच छायाचित्रकार ज्याक आंरी लार्तिग याचे मोटारशर्यतीचे प्रसिद्ध चित्र याच दोषामुळे प्रसिद्ध झाले. त्याने गाडीच्या दिशेने कॅमेराही फिरवल्यामुळे त्यात चाके पुढे आणि रस्त्याकडेची माणसे मागे झुकलेली दिसतात. पुढे व्यंगचित्रकारांनी झुकलेले चाक वेगाची खूण म्हणून उचलले आणि यंत्राचा दोष दृश्यभाषेचा नियम होऊन बसला. टीटीच्या छायाचित्रांत असे चाक दिसले, तर ते गाडीच्या वेगापेक्षा पडद्याच्या संथपणाचे माप आहे, असे समजणे अधिक योग्य ठरते.

रंगांच्या बाबतीत हा कॅमेरा आणखी फसवा होता. प्रारंभीच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला आणि त्यांच्या सुधारलेल्या ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ प्लेटा निळ्याबरोबर हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देत, पण लाल रंगाला दोन्ही जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे, उन्हाने रापलेले चेहरे अधिकच काळवंडलेले आणि लाल रंग काळा दिसे. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या ‘पॅन्क्रोमॅटिक’ प्लेटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच विकल्या जाऊ लागल्या होत्या, परंतु अंधाऱ्या खोलीतील लाल दिवा त्यांना चालत नसल्याने घाईच्या वृत्तकामात त्या लवकर रुळल्या नाहीत. या एका तांत्रिक मर्यादेने शर्यतींचा रंगीत इतिहास काळा करून टाकला आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ‘इंडियन’ कारखान्याच्या गाड्या, ज्यांचा नावाव्यतिरिक्त भारताशी काही संबंध नव्हता, गडद लाल रंगाच्या असत. १९११ च्या छायाचित्रांत त्या काळ्या दिसतात, आणि मूळ चित्रांवर विसंबून रंगवलेल्या काही जीर्णोद्धारित गाड्यांच्या बाबतीत या गफलतीचा फटका बसण्याचा धोका नेहमीच राहतो. आकाश पांढरे पडत असल्यामुळे डोंगरावरील चित्रांत धुके होते की लख्ख ऊन, हेही नुसत्या आकाशावरून ठरवता येत नाही. त्यासाठी सावल्यांकडे पाहावे लागते.

१९११ हे वर्ष या इतिहासातले खरे वळण आहे. आयोजकांना गाड्यांत बदलत्या गिअरचा प्रसार करायचा होता आणि सेंट जॉन्सचा मार्ग त्यासाठी पुरेसा कठीण नव्हता. म्हणून शर्यत सुमारे साडेसदतीस मैलांच्या, म्हणजे साठ किलोमीटरच्या, ‘माउंटन कोर्स’वर नेण्यात आली. हा मार्ग बेटाची राजधानी डग्लस येथून पश्चिमेकडे व उत्तरेकडे जात रॅमसे गावी समुद्रसपाटीवर येतो आणि तेथून स्नेफेल डोंगराच्या अंगाने सुमारे ४०० मीटर उंची गाठून पुन्हा डग्लसला उतरतो. एकाच ठरावीक गिअरच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीला हा चढ झेपणारा नव्हता. इंडियनच्या गाड्यांना दोन गिअर, क्लच आणि साखळी होती, आणि त्यांनी ‘सीनियर’ शर्यतीत, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या गटात, पहिले तिन्ही क्रमांक मिळवले : ऑलिव्हर गॉडफ्री, चार्ल्स फ्रँकलिन आणि आर्थर मूरहाउस. कॉलियर प्रत्यक्षात दुसरा आला होता, परंतु नियमबाह्य जागी पेट्रोल घेतल्यामुळे त्याला बाद ठरवण्यात आले. ब्रिटिश कारखान्यांना या निकालाचा मोठा धक्का बसला, आणि पुढील दोन वर्षांत, १९१२ साली फ्रँक ॲपलबी याने आणि १९१३ साली टिम वुड याने, साखळीवर चालणाऱ्या, पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या स्कॉट या टू-स्ट्रोक गाडीवर विजय मिळवला. १९१४ चा विजेता सिरिल पुलिन मात्र रज-मल्टी या गाडीवर पट्ट्यानेच जिंकला. त्या गाडीत कप्पीच्या कडा जवळ-दूर करून पट्ट्याचे प्रमाण बदलता येत असे. पट्टा हरला आणि साखळी जिंकली, असे सरळ सूत्र मांडणाऱ्या पाठ्यपुस्तकी इतिहासाला ही १९१४ ची नोंद नेहमीच अडचणीची ठरते.

डोंगरावरील रस्ता त्या वेळी बैलगाडीच्या वाटेहून फारसा चांगला नव्हता. चाकोऱ्या, त्यांच्या मधोमध उगवलेले गवत, मेंढ्या आणि कुरणांची फाटके यांतून तो जात असे, आणि सकाळच्या सरावात पहिल्याने पोहोचणाऱ्या चालकाला ही फाटके उघडावी लागत. या भागाची छायाचित्रे तुलनेने कमी आहेत, आणि त्याचे कारण भूगोलाइतकेच सोयीचेही आहे. काचेच्या प्लेटांची पेटी घेऊन फिरणारा छायाचित्रकार जेथे आगगाडी, ट्राम किंवा निदान एखादी खाणावळ असेल तेथेच उभा राही. स्नेफेलवर १८९५ पासून चालणारी विजेची ट्राम ज्या ठिकाणी रस्ता ओलांडते, त्या ‘बंगलो’ नावाच्या जागेची चित्रे म्हणूनच विपुल आहेत. वळणांच्या बाबतीतही तसेच होते. क्वार्टर ब्रिज, बॅलॉ येथील कुबडा पूल, रॅमसेचे केसपिनेसारखे वळण, गव्हर्नर्स ब्रिज या जागी गाड्या हळू होत, त्यामुळे प्लेटीवर प्रतिमा स्पष्ट येई, आणि मासिकांना तेच हवे असे. साठ किलोमीटरच्या मार्गापैकी चित्रमय इतिहासात वारंवार दिसतात त्या अशा मोजक्या जागा, आणि त्याही मार्गातील सर्वांत संथ जागा. सुल्बीची लांब सरळ वाट, जेथे गाड्या खरोखर धावत, ती छापील चित्रांत फार थोडी आली आहे.

मृत्यूंची चित्रे तर बहुधा नाहीतच. २७ जून १९११ रोजी, नव्या मार्गावरील सरावाच्या वेळी, रज गाडीवरील व्हिक्टर सरिज ग्लेन हेलनजवळ अपघातात मरण पावला; टीटीच्या इतिहासातील तो पहिला मृत्यू. १९२७ साली सरावात आर्ची बर्किन हा कर्क मायकेल गावाजवळ मासळीच्या गाडीला चुकवताना मारला गेला, कारण तोवर सराव उघड्या, वाहत्या रस्त्यांवर होत असे; पुढच्या वर्षापासून सरावासाठीही रस्ते बंद होऊ लागले. १९२८ पूर्वीच्या सरावाच्या चित्रांत शर्यतीचा क्रमांक लावलेल्या गाडीमागे भाजीची किंवा दुधाची गाडी दिसली, तर तो योगायोगाचा विनोद नसून त्या काळची रोजची व्यवस्था होती.

उभ्या गाड्यांच्या छायाचित्रांचा मोठा भाग व्यापारातून आला. डग्लसच्या कीग या छायाचित्र-व्यवसायाने १९११ पासून १९३९ पर्यंत चालक आणि त्यांच्या गाड्या यांची पद्धतशीर चित्रे घेतली : बहुतेकांत गाडी बाजूने, चालक खोगिरावर किंवा शेजारी, क्रमांक स्पष्ट आणि पार्श्वभूमी शक्य तितकी साधी. कारखान्याला जाहिरातीसाठी, टायर आणि तेलाच्या कंपन्यांना आपल्या मालाचा पुरावा म्हणून आणि चालकाला घरी नेण्यासाठी अशा प्रती लागत. कलादृष्टीने ही चित्रे नीरस आहेत. अभ्यासकासाठी ती सोन्याची खाण आहे, कारण गाडीचे इंजिन कोणते, कार्बोरेटर कोणता, ब्रेक कसा, हे त्यांत नळीनळीपर्यंत दिसते. त्यांची एक मर्यादा मात्र विसरता येत नाही : ती शर्यतीपूर्वीची आहेत. १९२१ साली बीएसए या बर्मिंगहॅमच्या बलाढ्य कारखान्याने नव्या रचनेच्या गाड्यांचा मोठा संघ उतरवला आणि त्यातली एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही. त्या मानहानीनंतर कारखान्याने दीर्घकाळ टीटीकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी हॉवर्ड डेव्हिस याने ५०० सीसीच्या सीनियर गटात केवळ ३५० सीसीच्या एजेएस गाडीवर विजय मिळवला. शर्यतीपूर्वी उभे राहून काढलेली दोन्ही संघांची चित्रे शेजारी ठेवली, तर त्यांतील आत्मविश्वासावरून निकाल कोणालाही ओळखता येणार नाही.

तारीख नसलेल्या चित्राचे वर्ष ठरवण्याची रीतही याच उभ्या चित्रांतून तयार झाली आहे. सर्वांत उपयोगी खूण डोक्यावर असते. १९१४ पूर्वी चालक कापडी टोपी उलटी घालून किंवा कान झाकणारी चामडी टोपी घालून धावत. परंतु ब्रुकलंड्स या शर्यतमार्गाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी डोक्याच्या दुखापती सातत्याने पाहिल्यानंतर जाड कापडाला लाखेचे थर देऊन घुमटाच्या आकाराचे शिरस्त्राण करवून घेतले आणि १९१४ च्या टीटीत ते सक्तीचे झाले. त्यामुळे घुमटाकार शिरस्त्राण १९१४ किंवा नंतरचे वर्ष दाखवते.   दुसरी खूण पेट्रोलच्या टाकीची : नळ्यांच्या मध्ये बसवलेली चपटी टाकी १९२८-२९ पर्यंत आणि नळीवर घोड्याच्या जिनासारखी चढवलेली टाकी त्यानंतर. तिसरी खूण चालकाच्या उजव्या हाताची. टाकीशेजारच्या दांड्यावर हात असला, तर गिअर हाताने बदलला जात आहे, आणि व्हेलोसेटने १९२८ च्या सुमारास पायाने, एकेक टप्प्याने बदलणारा गिअर आणल्यानंतर तो दांडा शर्यतीच्या गाड्यांवरून काही वर्षांत नाहीसा झाला. अशा खुणांचा उपयोग जपून करावा लागतो, कारण खासगी चालक जुनी गाडी चारपाच वर्षे चालवत. खूण वर्षाची अलीकडची सीमा सांगत नाही, पलीकडची सांगते.

१९२३ च्या पहिल्या साइडकार शर्यतीचे एक वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे, कारण गती दाखवणारी काही थोडी चित्रेही खरोखर माहिती देतात हे त्यावरून दिसते. साइडकार म्हणजे मोटारसायकलीच्या बाजूला जोडलेले तिसरे चाक आणि सहप्रवाशाची बैठक. फ्रेडी डिक्सन याच्या डग्लस कारखान्याच्या गाडीची साइडकार वळणावर झुकवता येत असे. सहप्रवासी वॉल्टर डेनी एका दांड्याने ती वर-खाली करी, त्यामुळे डाव्या आणि उजव्या दोन्ही वळणांवर तिन्ही चाके गाडीसह कलत. ही रचना शब्दांत समजावणे अवघड आहे. उभ्या गाडीच्या चित्रात ती दिसतच नाही. वळणावरच्या चित्रात मात्र ती एका नजरेत कळते. डिक्सन ती शर्यत जिंकला.

अंतराने सोडण्याची पद्धत चित्रांची किती दिशाभूल करते, हे १९३५ च्या सीनियर शर्यतीने दाखवून दिले. टीटीत चालक एकामागोमाग ठरावीक अंतराने सुटत असल्यामुळे रस्त्यावर पुढे असलेला चालक शर्यतीतही पुढे असतोच असे नाही. कोण कुठे आहे हे ग्लेनक्रचरी रोडवरील फलकावरून कळे, आणि त्या फलकावरचे आकडे बॉय स्काउटची मुले बदलत असत. धुक्यामुळे एक दिवस पुढे ढकललेल्या त्या शर्यतीत नॉर्टनचा जिमी गथ्री पहिला सुटला आणि इटलीच्या मोटो गुझ्झीवरील आयरिश चालक स्टॅनली वुड्स त्याच्यानंतर सुमारे साडेचौदा मिनिटांनी. शेवटच्या फेरीआधी गथ्रीकडे जवळपास अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. वुड्सच्या मदतनीसांनी पेट्रोल भरण्याची तयारी दिसेल अशी केली, म्हणून नॉर्टनच्या गोटाला तो थांबणार असे वाटले. तो न थांबता निघून गेला आणि त्याने ताशी ८६.५३ मैलांची विक्रमी फेरी मारली. दरम्यान गथ्री अंतिम रेषा ओलांडून आला होता आणि त्याचे विजेता म्हणून अभिनंदनही सुरू झाले होते. काही मिनिटांनी वुड्स आला आणि चार सेकंदांनी जिंकला. गथ्रीभोवतीच्या आनंदी गर्दीचे त्या क्षणीचे कोणतेही छायाचित्र बनावट म्हणता येणार नाही, आणि तरी त्याखाली ‘१९३५ चा विजेता’ असे लिहिणे चूक ठरेल. वुड्सच्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंगांची जोड होती, आणि तोवर ताठ मागील चौकटीवर विश्वास ठेवणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांना त्या विजयाने विचार करायला लावले. हे कारण गर्दीच्या चित्रात नव्हे, तर तंबूत उभ्या असलेल्या गाडीच्या चित्रात दिसते.

ब्रुकलंड्सवरील छायाचित्रांची परंपरा टीटीहून निराळी आहे. लंडनच्या नैर्ऋत्येस वेब्रिज येथे १९०७ साली बांधलेला, उंच कललेल्या कडांचा हा सुमारे पावणेतीन मैलांचा सिमेंटचा मार्ग केवळ शर्यतींसाठी होता. तेथे डोंगर नव्हता, वळणावर मंद व्हावे लागत नव्हते, आणि म्हणून तेथील चित्रांत गाड्या एकसारख्या वेगाने जातात. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे १९२० च्या दशकात माशाच्या शेपटीसारख्या तोंडाचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला, आणि तो दिसला की जागा बहुधा ओळखता येते. ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने फेरी मारणाऱ्यास तेथे सुवर्ण-ताऱ्याचा बिल्ला मिळे. १९३४ साली अभियंता बिआट्रिस शिलिंग यांनी नॉर्टनवर ताशी १०६ मैलांनी फेरी मारून तो मिळवला, आणि १९३७ साली वॉल हँडली याने बीएसएवर मिळवलेल्या बिल्ल्यावरून त्या कारखान्याने आपल्या गाडीला ‘गोल्ड स्टार’ हे नाव दिले. बीएसए ही नाममुद्रा २०१६ पासून महिंद्रा समूहाशी संलग्न कंपनीकडे आहे, त्यामुळे सिमेंटच्या त्या मार्गावरील एका बिल्ल्याचे नाव आज मुंबईच्या एका उद्योगसमूहाच्या मालकीचे आहे.

महायुद्धापूर्वीच्या शेवटच्या वर्षांत चित्रे आणि निकाल दोन्ही परदेशी गाड्यांनी भरली. १९३७ साली ओमोबोनो टेन्नी हा लाइटवेट, म्हणजे लहान इंजिनांच्या, गटात जिंकणारा पहिला इटालियन ठरला, १९३८ साली त्याच गटात जर्मन एवाल्ड क्लुगे डीकेडब्ल्यूवर जिंकला, आणि १९३९ साली गेऑर्ग मायर याने बीएमडब्ल्यूवर सीनियर शर्यत जिंकली. मायरच्या गाडीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण दाबाने कोंबणारे यंत्र, जोडलेले होते. ते इंजिनाच्या पुढच्या भागी असल्याने चित्रांत सहज ओळखता येते, आणि महायुद्धानंतर शर्यतींत त्यावर बंदी आल्यामुळे ते दिसले की चित्र युद्धपूर्व ठरते. नॉर्टनच्या चित्रांना असा सोपा निकष लावता येत नाही. चष्मा घालून धावणाऱ्या हॅरल्ड डॅनियल याने १९३८ ची सीनियर शर्यत नॉर्टनवर जिंकली, आणि युद्धानंतर शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा १९४७ चीही नॉर्टनवरच जिंकली; दोन्ही प्रसंगीच्या चित्रांत तोच स्थूल बांधा, तोच चष्मा आणि जवळजवळ तीच गाडी दिसते. युद्धानंतर मिळणारे पेट्रोल हलक्या प्रतीचे होते, त्यामुळे १९४७ ची त्याची सरासरी ताशी ८३ मैलांच्याही आत राहिली, तर १९३८ साली त्याने मारलेल्या ताशी ९१ मैलांच्या फेरीचा विक्रम १९५० साली जेफ ड्यूक याने मोडेपर्यंत टिकला.